गळ्यातली ग्रंथी आणि रोजची गोळी





या पानावर दर अंकी आम्ही बेणे, लागण, खत-पाणी आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या खेपेला विषय थोडा वेगळा घेतला आहे, तेव्हा 'ऊस विभागाला आता डॉक्टरकीचा नाद लागला' असे कोणी म्हणू नये. उसाची नोंद घ्यायला, प्लॉट पाहायला आमचे घरोघरी जाणे होते. सोप्यात बसून चहा होतो आणि बोलता बोलता घरची दुखणी निघतात. अलीकडे एक वाक्य पुष्कळ घरांतून ऐकू येते : "मंडळींना थायरॉइड निघालाय." त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य येते : "गोळी चालू होती, पण बरं वाटायला लागलं म्हणून सोडली."

हे दुसरे वाक्य ऐकले की आम्हाला स्वस्थ बसवत नाही. त्याचे कारण आमच्या स्वतःच्या घरातले आहे. ते आधी सांगतो, मग ग्रंथीकडे वळू. आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकीची पदविका घेतलेला माणूस. परंतु जे लिहिले आहे ते आमच्या भागातल्या डॉक्टरांकडून तपासून घेतले आहे.

आमची थोरली बहीण, अक्का, शेजारच्या तालुक्यात दिलेली. घरी चार एकर ऊस, दोन म्हशी, पहाटे चारला उठायची सवय. काही वर्षांपूर्वी तिला उठवेना झाले. थंडी सोसेना, भर उन्हाळ्यात अंगावर शाल. तोंड सुजल्यासारखे, आवाज घोगरा, केस मूठमूठ गळायचे, पोट साफ नाही. दाजींनी तपासणी करून घेतली तेव्हा थायरॉइड कमी पडतो आहे असे निघाले. गोळी सुरू झाली आणि तीन-चार महिन्यांत अक्का पहिल्यासारखी धारेला बसू लागली.

त्या वर्षी भाऊबीजेला गेलो तेव्हा ओवाळून झाल्यावर तिने विचारले, "बाळू, आता बरं वाटतंय. ही गोळी जन्मभर खायची म्हणत्यात. तू शिकलेला हाईस, किती दिवस खाऊ सांग."

आम्ही काय सांगितले ते लिहितो, लपवीत नाही. आम्ही म्हणालो, "अक्का, बरं वाटतंय ना, मग कशाला? रोग गेला की आपण फवारणी थांबवतोच की. उगा औषधाची सवय लागंल."

तिने गोळी सोडली. पंधरा दिवस काही झाले नाही, महिनाभर काही झाले नाही. मग होळीच्या सुमारास ती मंद झाली. घरचे म्हणाले, वय झालं. पुढल्या भाऊबीजेला आम्ही स्वतः तिला पाहिले. अंग भरलेले दिसले, आणि 'अक्का, तब्येत सुधारली की तुझी' असे म्हणून आम्ही ओवाळणी घालून परत आलो. ती सूज होती हे आम्हाला कळले नाही. पौषात थंडी पडली, तिला खोकला झाला, आणि एका पहाटे सुनेचा फोन आला : "मामा, आत्यास्नी हाका मारल्या तरी नीट उठत न्हाईत. अंग गार पडलंय, बोलणं जड झालंय." अकरा दिवस दवाखान्यात काढावे लागले. दोन दिवस तर आशा नव्हती.

डॉक्टरांनी विचारले, गोळी बंद करायला कोणी सांगितले? अक्का पलंगावरून म्हणाली, "माझी मीच सोडली." आम्ही शेजारीच उभे होतो.

काचेखाली काय दिसले

त्याच दवाखान्यात रक्त आणि गाठी तपासणारे एक डॉक्टर होते. अक्काच्या गळ्यातली ग्रंथी थोडी टणक लागत होती म्हणून सुईने तिचा नमुना घेतला होता. आम्ही त्यांना म्हणालो, शेतकी शाळेत असताना आम्हीही सूक्ष्मदर्शकाखाली लाल कुजीची बुरशी पाहिली आहे, आम्हाला दाखवाल का? भला माणूस. नमुना दाखवला, आणि निरोग्या ग्रंथीचे व रोगट ग्रंथीचे काप पुस्तकातल्या चित्रांत शेजारी शेजारी ठेवून समजावून सांगितले. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला.

आधी शब्दांचे बघू. ऊती संवर्धित रोपे आता आपल्याकडे पुष्कळांनी लावली आहेत. टिश्यू कल्चर म्हणतो ते हेच. ऊती म्हणजे एका जातीच्या, एका कामाला लागलेल्या पेशींचा समूह. उसाला जशी सालीची ऊती निराळी आणि रस साठवणारी निराळी, तशीच माणसाच्या अवयवांची. आणि हार्मोन म्हणजे काय, हेही आपल्याला नवीन नाही. वाढीसाठी जिबरेलिक ॲसिड फवारता ना? ते उसाचे संजीवक. थेंबभर लागते, पण सगळ्या झाडाला हुकूम सोडते. माणसाच्या शरीरातही असे हुकूम सोडणारे रस आहेत, त्यांना संप्रेरके म्हणतात. ते तयार करणाऱ्या ऊतींच्या गाठी म्हणजे ग्रंथी. त्यांना नळी नसते, पाट नसतो. रस सरळ रक्तात मिसळतो आणि टोकापर्यंत पोचतो.

थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, गळ्याच्या पुढच्या बाजूला श्वासनलिकेवर फुलपाखरासारखी बसलेली असते. वजन सुमारे २० ग्रॅम. काप करून पाहिला तर बारीक बारीक गोल पिशव्या दाटीने लागलेल्या दिसतात. प्रत्येक पिशवीच्या कडेला पेशींची एकेरी रांग, आणि मध्ये पाकासारखा चिकट रस. या कडेच्या पेशी रक्तातले आयोडीन ओढून घेतात, त्यापासून संप्रेरक बनवतात आणि मधल्या रसात साठवून ठेवतात. दोन-तीन महिने पुरेल एवढा साठा तिथे असतो. आपल्या साखर गोदामासारखेच म्हणा ना. गाळप थांबले तरी काही दिवस गोदामातून विक्री चालू राहते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की कारखाना सुरू आहे.

माल किती काढायचा हे ग्रंथी स्वतः ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका नावाची ग्रंथी आहे. रक्तात थायरॉइडचा रस कमी झाला की ती 'वाढवा' म्हणून चिठ्ठी पाठवते, जास्त झाला की चिठ्ठी बंद. रक्ताच्या तपासणीत टी. एस. एच. म्हणून जो आकडा येतो तो या चिठ्ठ्यांचा. म्हणून तो वाढला तर सहसा ग्रंथी कमी पडते आहे असा अर्थ होतो. पुष्कळ लोक उलटे समजतात. "थायरॉइड वाढलाय" असे सांगत येतात, आणि वाढलेली असते ती चिठ्ठी.

आता अक्काच्या ग्रंथीचे. चित्रातल्या निरोग्या कापात पिशव्या एकसारख्या, भरलेल्या, जणू चांगल्या बेण्याची सरी. रोगट कापात मात्र जागोजाग निळसर ठिपक्यांचे थवे पसरलेले. डॉक्टर म्हणाले, या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, शरीराच्या राखणदार. जंतू आला तर त्याला मारायचे त्यांचे काम. पण या रोगात त्या घरच्याच ग्रंथीला परकी समजतात आणि आत शिरून पिशव्या उद्ध्वस्त करतात. आपल्याकडे म्हणतात ना, कुंपणच शेत खातंय, तसला प्रकार. पिशव्या आकसलेल्या, मधला रस संपलेला, उरलेल्या पेशी सुजून फुगलेल्या, आणि जिथे पेशी मेल्या तिथे पांढरट दोरेदार वण. हा वण म्हणजे नुसती भर. तो जागा धरतो, पण रस बनवत नाही. खोडव्यात नांग्या पडल्या आणि तिथे हराळी माजली, की लांबून रान हिरवे दिसते, पण तोडीच्या दिवशी मोळ्या भरत नाहीत, तसे.

या रोगाला हाशिमोटो याचे नाव आहे. जपानमधला हा तरुण शल्यवैद्य. शस्त्रक्रियेत काढलेल्या चार बायकांच्या ग्रंथी त्याने सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहिल्या आणि १९१२ साली जर्मन नियतकालिकात त्यांचे वर्णन छापले. पुढे तो आपल्या गावी परतला, तिथेच वैद्यकी केली, आणि १९३४ मध्ये विषमज्वराने वारला. राखणदार पेशीच शेत खातात याचा पुरावा १९५६ साली मिळाला, त्याच्या पश्चात बावीस वर्षांनी. हा माणूस आम्हाला का कोण जाणे फार जवळचा वाटला. खेड्यात बसलेल्या माणसाने केलेले काम असे कधीतरी उगवते.

हुमणी आणि ग्रंथी

आता मुख्य गोष्ट. एवढी नासधूस चालू असताना माणसाला कळत कसे नाही?

हुमणी लागलेला ऊस आठवा. अळी खाली मुळे खात असते आणि वर पान हिरवेच असते. निम्मी मुळे गेली तरी बेट उभे. मग एके दिवशी पाने पिवळी पडतात, आणि हिसका दिला की अख्खे बेट हातात येते. ग्रंथींची तऱ्हा अशीच आहे. त्यांच्याकडे गरजेपेक्षा जास्त ऊती असते. काही पेशी मेल्या तर पियूषिका चिठ्ठ्या वाढवते आणि उरलेल्या पेशी जास्त राबतात. पहिला तोल असा सावरला जातो. वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. जाणवते तेव्हा शिलकीतले बरेचसे संपलेले असते.

हे एकट्या थायरॉइडचे नाही. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात. लंडनच्या थॉमस ॲडिसन या डॉक्टराने १८५५ साली या ग्रंथी नासल्यामुळे होणाऱ्या आजाराचे वर्णन केले. त्या काळी त्याचे मोठे कारण क्षय होते. क्षयाचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे तिथे पोचतात, ग्रंथी आधी फुगते, आतला भाग चक्क्यासारखा मऊ होऊन मरतो आणि शेवटी चुन्यासारखा कडक होतो. पण रोग्याला अशक्तपणा, वजन उतरणे, हिरड्या आणि हातावरच्या रेषा काळ्या पडणे, उठले की भोवळ, मीठ खाण्याची ओढ ही लक्षणे दिसतात तेव्हा दहातले नऊ भाग गेलेले असतात. ज्यांच्या घरी क्षय होऊन गेला आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मधुमेहाचेही थोडे असेच. स्वादुपिंडात इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटे असतात, बेटे हाच शब्द पुस्तकातही आहे. लहान वयात होणाऱ्या मधुमेहात राखणदार पेशी ही बेटे खातात, म्हणून त्या मुलांना इन्शुलिनची सुई टाळता येत नाही. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहात बेटे राबून राबून थकतात. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

आता गोळीकडे. 'रोग गेला की फवारणी थांबवतो' हे आमचे वाक्य कुठे चुकले ते पाहा. फवारणी कीड मारते. कीड मेली की ऊस आपला आपण वाढतो, म्हणून फवारणी थांबवता येते. थायरॉइडची गोळी कोणतीच कीड मारत नाही. ती राखणदार पेशींना आवरत नाही, वणाची पुन्हा पिशवी करत नाही. जो रस ग्रंथीने बनवायचा तोच रस ती बाहेरून आणून देते, एवढेच. विहीर आटली आणि आपण टँकर लावला. टँकरमुळे रान हिरवे झाले म्हणून विहिरीला पाणी आले असे कोणी समजते का? आम्ही समजलो.

आणि दुसरा चकवा असा. गोळीतले औषध रक्तात फार सावकाश उतरते. आज सोडली तर एका आठवड्याने निम्मे शिल्लक असते, दुसऱ्या आठवड्याने त्याच्या निम्मे. म्हणून सोडल्यावर पहिले काही दिवस काहीच होत नाही, आणि माणसाला वाटते, बघा, गोळीची गरजच नव्हती. पुढे जी सुस्ती येते तिचा संबंध दोन-तीन महिन्यांपूर्वी सोडलेल्या गोळीशी कोणी लावत नाही. अक्काचे हेच झाले.

'जन्मभर गोळी खाऊन अपाय होत नाही का' असे पुष्कळजण विचारतात. त्यांच्यासाठी जुनी हकिकत आहे. १८९१ साली इंग्लंडात न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टराकडे ४६ वर्षांची एक बाई होती. सुजलेली, मंदावलेली, थेट आमच्या अक्कासारखी. त्याने मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क काढून तिला टोचला. बाई सुधारली. पुढे तो अर्क तोंडाने घेता येऊ लागला, आणि ती तो घेत घेत आणखी २८ वर्षे जगली. १९१९ मध्ये वारली तेव्हा ७४ वर्षांची होती. तिच्या एकटीसाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब डॉक्टराने लिहून ठेवला आहे.

पुढे १९१४ च्या नाताळात अमेरिकेत केंडॉल याने या रसाचे शुद्ध स्फटिक वेगळे केले. त्याला डुकरांच्या सुमारे तीन टन ग्रंथींतून अवघे ३३ ग्रॅम हाती लागले. आपण उताऱ्यावरून सर्वसाधारण सभेत भांडतो. तीन टन उसाला आपण तीनशे किलोच्या वर साखर काढतो, त्याला ३३ ग्रॅम! १९२७ मध्ये हा रस प्रयोगशाळेत रसायनांपासून बनवता आला. आज आपल्याकडे मिळणाऱ्या गोळीतले औषध असे बनवलेलेच असते, त्यात मेंढी किंवा डुकराचा अर्क नसतो. हे मुद्दाम लिहिले, कारण एका माळकरी सभासदांनी हीच शंका काढून सुनेची गोळी बंद ठेवली होती. शंका रास्त होती, पण विचारायला उशीर केला.

अपाय होतो तो मात्रा चुकली तर. जास्त झाली तर छाती धडधडते, हात कापतात, झोप लागत नाही, हाडे ठिसूळ होतात. म्हणून मात्रा बदलली की सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासायचे आणि नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा. शेजारणीची गोळी आपल्याला लागू पडते असे समजू नये. युरिया सगळ्या रानांना एकच मात्रेने टाकू नका असे आम्ही ओरडत असतो, तेच इथे.

प्रत्येक फुगलेला गळा एकच नव्हे

गळा फुगला म्हणजे अमुकच रोग, असे म्हणता येत नाही. बाहेरून एकसारखा दिसतो, पण आतल्या ऊतीत तीन निराळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात. एक हाशिमोटोचा, वर सांगितला.

दुसरा गलगंड, आयोडीन कमी पडल्यामुळे होणारा. इथे राखणदारांचा दोष नाही. कच्चा मालच येत नाही. रस कमी पडतो म्हणून पियूषिका चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या पाठवते, आणि ग्रंथी बिचारी पेशी वाढवत जाते. ऊस नसताना नवे मिल टाकल्यासारखे. ग्रंथी फुगते, सुरुवातीला मऊ असते. वर्षे गेली की तिच्यात गाठी होतात, काही गाठींत रक्त उतरते, वण पडतात. मऊ असताना आयोडीन मिळाले तर ती ओसरू शकते. गाठाळ झाल्यावर सहसा ओसरत नाही.

हिमालयाच्या पायथ्याच्या जमिनीत आणि पाण्यात आयोडीन कमी, म्हणून तिथे हा रोग घरोघर असे. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही गावांना आयोडीनयुक्त मीठ आणि काहींना साधे मीठ देऊन पाहिले. आयोडीनच्या मिठाच्या गावांत शाळकरी पोरांचे गलगंड घटत गेले. आपल्या प्लॉटवर आपण करतो तसला हा सरळ तुलनेचा प्रयोग. १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ पासून माणसांच्या खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकण्यास बंदी आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, म्हणजे सुईच्या टोकावर मावेल एवढे. पण तेवढे रोज पाहिजे. जनावरांसाठी आणलेले खडेमीठ भाकरीच्या पिठात वापरू नका, आणि मिठाची बरणी चुलीच्या वाफेत उघडी ठेवू नका, ओल लागून आयोडीन उडते.

मात्र एक सांगायला हवे. अक्कासारख्यांनी 'आयोडीनचे मीठ खातो, मग गोळी कशाला' असे म्हणू नये. तिथे कच्च्या मालाचा प्रश्न नाही, गिरणीच मोडली आहे.

तिसरा प्रकार अगदी उलट. डब्लिनच्या ग्रेव्हज या डॉक्टराने १८३५ मध्ये त्याचे वर्णन केले. राखणदार पेशी इथे ग्रंथी खात नाहीत, तर पियूषिकेच्या चिठ्ठीची नक्कल करणारा पदार्थ बनवतात. खोट्या सहीची चिठ्ठी! ग्रंथीला काय कळणार, ती रात्रंदिवस गाळप करते. कापात कडेच्या पेशी उंच झालेल्या आणि मधला रस कडेकडेने कुरतडल्यासारखा संपत आलेला दिसतो. रक्तपुरवठा इतका वाढतो की गळ्यावर नळी लावली तर कधीकधी सळसळ ऐकू येते. माणूस खाऊन खाऊन वाळतो, घाम येतो, हात कापतात, छाती धडधडते, काहींचे डोळे बाहेर येतात. याची औषधे निराळी, रस कमी करणारी. ती आपल्या मनाने सोडणे तितकेच धोक्याचे. म्हणून गळा फुगला दिसला की गावातल्या कोणाच्या तरी गोळ्या मागून आणू नका. एकाला बाहेरून रस द्यावा लागतो, दुसऱ्याचा आवरावा लागतो.

जाता जाता सांध्याच्या पुड्यांविषयी. बाजाराच्या दिवशी गुडघेदुखीवर 'जडीबुटीच्या' पुड्या विकतात, आणि दुसऱ्या दिवशी म्हातारा काठी टाकून चालू लागतो. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड कालवलेले असते. स्टिरॉइड म्हणजे वर सांगितलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या रसाचाच भाऊ. तो महिनोन्महिने बाहेरून आला की पियूषिका चिठ्ठी पाठवणे बंद करते, आणि ग्रंथी कामावाचून आकसून जाते. मग पैसे संपले म्हणून पुड्या एकदम बंद केल्या, की आतला रस नाही आणि बाहेरचाही नाही. उलट्या, रक्तदाब खाली, शुद्ध हरपते. ही आकसलेली ऊती बहुधा पुन्हा कामाला लागते, पण त्याला महिने लागतात, आणि तोवर मात्रा डॉक्टरांनी पायरीपायरीने उतरवावी लागते. ज्यांच्या घरी अशा पुड्या चालू आहेत त्यांनी आज त्या उकिरड्यावर न फेकता पुडीसकट डॉक्टरांकडे जावे.

घ्यायची कशी

सकाळी उठल्यावर, तोंड धुऊन, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा आणि न्याहारी अर्ध्या-पाऊण तासाने. चहाबरोबर गोळी घेणे ही आपल्या घरांतली सर्रास चूक, त्याने औषध पुरते अंगी लागत नाही. लोहाच्या किंवा चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, गोळ्या चालू असतील तर मध्ये चार तास जाऊ द्यावेत. एका दिवशी चुकली तर बिघडत नाही, दुसऱ्या दिवसापासून चालू ठेवायची. बाटली किंवा पाकीट उन्हात, ओलीत ठेवू नये.

घरातल्या सुनेला दिवस राहिले आणि ती ही गोळी घेत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. पोटातल्या जिवाच्या मेंदूची वाढ सुरुवातीला आईच्याच रसावर होते, आणि मात्रा बहुधा वाढवावी लागते. 'पोटुशीने औषधे खाऊ नयेत' असे म्हणून याच वेळी गोळी बंद करणारी घरे आम्हाला माहीत आहेत. तान्ह्या मुलातही ही ग्रंथी जन्मतः नसू शकते किंवा अपुरी असू शकते. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन ते कळते, आणि पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू झाले तर मूल इतरांसारखे वाढते. उशीर झाला तर बुद्धीचे झालेले नुकसान भरून येत नाही. बाळंतपण दवाखान्यात होत असेल तर या तपासणीविषयी विचारून घ्या.

ज्या घरांत गोळी सोडलेली आहे त्यांनी एक करावे. जुनी चिठ्ठी शोधून डॉक्टरांना दाखवावी आणि रक्त तपासून पुन्हा सुरू करावी. जुन्या मात्रेची गोळी आपल्या मनाने एकदम सुरू करू नये, विशेषतः वय झालेल्यांनी आणि छातीचा त्रास असलेल्यांनी. हृदयाला सवय नसते, त्याला हळूहळू चढवावे लागते. अक्काला डॉक्टरांनी तसेच चढवले.

अक्का आता बरी आहे. गोळ्यांचे पाकीट तिने देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवले आहे. पहाटे उठली की आधी गोळी, मग धारा, मग चहा. गेल्या भाऊबीजेला आम्ही तिच्या पाया पडलो आणि त्या दिवशीच्या आमच्या सल्ल्याची गोष्ट काढली. ती म्हणाली, "तुला तरी काय ठावं हुतं, बाळू? पर आता ठावं झालंय तर चार जणास्नी सांग." म्हणून या महिन्याचे पान तिच्या सांगण्यावरून लिहिले आहे. खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाचा राहिलेला भाग पुढील अंकी देत आहोत.

आपला,
ऊस विकास अधिकारी